झाकलेली टोपी

हा फोटो नीट बघा. छावणीच्या मनोऱ्यावरून खाली नजर ठेवणारा एक पहारेकरी. त्याच्या डोक्याशी एक तुळई आडवी गेलीये. ती लाकडाची नाही. रंगवलेली आहे.

रंगाखाली दडलीये एक टोपी. सपाट माथ्याची, पुढे छोटा आडोसा असलेली. फ्रेंच शिपायांची 'केपी'.

ही छावणी पॅरिसच्या दक्षिणेला, पिथिव्हिए गावात होती. जुलै 1942 मध्ये पॅरिसच्या पोलिसांनी दोन दिवसांत सुमारे 13,000 ज्यूंची धरपकड केली. त्यांत 4,000 हून जास्त मुलं. बऱ्याच कुटुंबांना इथे आणलं आणि इथून पुढे आउशवित्झच्या नाझी मृत्युछावणीत धाडलं. फ्रान्स तेव्हा जर्मनांच्या ताब्यात, हुकूमही त्यांचाच, पण दार ठोठावणारे फ्रेंच आणि पहाऱ्यावर उभे होते तेही फ्रेंच.

अलँ रेने यांनी हा फोटो आपल्या 32 मिनिटांच्या माहितीपटात घेतला. नाव 'नुई ए ब्रुयार', म्हणजे रात्र आणि धुकं. निवेदन लिहिलं ज्याँ केरोल यांनी. ते स्वतः नाझी छळछावणीतून जगून परतलेले. सेन्सॉरला ही टोपी खुपली. शेवटी तडजोड झाली: फोटो राहिला, टोपीवर रंग फिरला. 1956 साली लोकांनी पाहिला तो असा. गंमत म्हणजे, त्या रंगानेच ही टोपी अजरामर केली. आता नव्या प्रतींत ती पुन्हा दिसते.

फ्रेंच सिनेमातलं युद्ध पाहायचं तर रणगाडे आणि तोफा जरा बाजूला ठेवा. काय झाकलं गेलं, ते शोधा.

महायुद्धानंतर देशाने स्वतःची समजूत घातली होती, की आम्ही सगळेच नाझींशी लढत होतो. मार्सेल ओफ्युल्स यांनी क्लेरमाँ-फेराँ या एका शहरातल्या माणसांना कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि फक्त बोलतं केलं. कोणी लढलेला, कोणी गप्प बसलेला, कोणी जर्मनांच्या बाजूने गेलेला. चार तासांहून मोठा हा माहितीपट 1969 मध्ये तयार झाला, तोही टीव्हीसाठी. फ्रेंच टीव्हीने तो दाखवला 1981 मध्ये!

फ्रान्सच्या ताब्यातल्या अल्जीरियाने स्वातंत्र्यासाठी दिलेल्या लढ्याच्या बाबतीत तर 'युद्ध' हा शब्दच झाकला होता. सरकारी भाषेत ती 'सुव्यवस्था राखण्याची कारवाई'. दिग्दर्शक गोदार यांनी 1960 मध्ये त्यावर चित्रपट केला, छळाची दृश्यं दाखवली. बंदी उठायला 1963 उजाडलं, तोवर अल्जीरिया स्वतंत्रही झाला होता. फ्रेंच संसदेने 'युद्ध' हा शब्द मान्य केला 1999 मध्ये.

आता एक जहाज. दुसरं महायुद्ध, फ्रान्स सोडवायला निघालेले उत्तर आफ्रिकेतले सैनिक. जेवणाची रांग. आचारी गोऱ्या सैनिकाच्या ताटात टोमॅटो वाढतो आणि पुढच्या काळ्या सैनिकाला म्हणतो, तुझ्यासाठी नाहीत. ते पाहून अब्देलकादेर नावाचा अल्जीरियन जवान टोमॅटो खाली ओततो आणि बुटाखाली चिरडतो.

रशीद बुशारेब यांचा 'अँदिजेन', 2006. लढाया आहेत, चांगल्या आहेत. पण लक्षात राहतो तो टोमॅटो. शेवटी म्हातारा अब्देलकादेर आल्सासमधल्या मित्रांच्या कबरींपाशी जातो आणि आपल्या लहानशा खोलीत परततो.

वसाहती स्वतंत्र होताना, 1959 च्या कायद्याने, या सैनिकांची पेन्शन होती तिथेच गोठवली गेली होती. चित्रपट आला त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी ती फ्रेंच सैनिकांच्या बरोबरीला आणायचं जाहीर केलं. पॅरिसमधल्या त्या धरपकडीत फ्रान्सचा हात होता हे 1995 मध्ये कबूल करणारे शिराक, तेच हे. सुमारे 80,000 माजी सैनिकांचा प्रश्न होता.

मागच्या वर्षांची थकबाकी मात्र त्यात नव्हती.