साठ पानांची मोजणी

(दृश्य: लांब टेबलं, समोरासमोर बसलेले खेळाडू, पानं पिसल्याचा आवाज.)

पिसून झालं. दोघांनीही आपापला डेक, म्हणजे खेळायच्या पानांचा गठ्ठा, समोरच्याच्या हाताशी सरकवला. अजून एकही पान उचललेलं नाही, डाव सुरू व्हायचा आहे. तरी नियमांच्या दृष्टीनं एक मोठी गोष्ट आत्ताच घडली. डेक असा पुढे करणं म्हणजे ‘हा डेक नियमात आहे’ असा शब्द देणं. नेमक्या याच क्षणी मागून जज येतो आणि दोन्ही डेक उचलून घेऊन जातो.

याला म्हणतात डेक चेक.

खेळ आहे ‘मॅजिक: द गॅदरिंग’. रिचर्ड गारफिल्ड यांनी तयार केलेला, 1993 मध्ये बाजारात आलेला. आपल्याकडे रमी खेळताना पत्त्यांचा कॅट सगळ्यांचा एकच असतो. इथे तसं नाही. इथे प्रत्येक जण आपला कॅट घरून बांधून आणतो. कुठली पानं घ्यायची, किती घ्यायची, हे ठरवणं हाच अर्धा खेळ. म्हणून त्या कॅटमध्ये काय आहे, हे कुणीतरी तटस्थ माणसानं बघायलाच हवं.

(दृश्य: कोपऱ्यातलं टेबल. जज पानांचे गठ्ठे लावतोय.)

कमीत कमी साठ पानं. बाजूला ठेवायच्या साइडबोर्डमध्ये, म्हणजे डावांच्या मध्ये बदलून घ्यायच्या राखीव पानांत, जास्तीत जास्त पंधरा. एकाच नावाची पानं दोन्ही मिळून चारच. फक्त बेसिक लँड, म्हणजे बाकीची पानं खेळायला ताकद पुरवणारी साधी पानं, हवी तितकी. ऐकायला सोपं आहे. पण ‘रिलेंटलेस रॅट्स’ नावाचं एक पान आहे, त्याच्यावरच छापलंय की ते डेकमध्ये कितीही घाला. ‘सेव्हन ड्वार्व्ह्ज’ सातपर्यंत चालतं. ‘ब्लॅक लोटस’ खेळाच्या व्हिंटेज प्रकारात एकच चालतं, लेगसी या दुसऱ्या प्रकारात त्याच्यावर बंदी. हे सगळं जजच्या डोक्यात हवं.

खेळाडूनं स्पर्धेच्या सुरुवातीला यादी दिलेली असते. जज पानं नावानिशी लावतो, मोजतो, यादीशी ताडतो, मग साइडबोर्ड बघतो. हात भराभर चालतात, कारण तिकडे पन्नास मिनिटांची फेरी सुरू झालेली असते. स्पर्धेतले किमान दहा टक्के डेक असे तपासले जावेत, अशी नियमांची अपेक्षा आहे.

सर्वात जास्त काय सापडतं? लबाडी नाही, विसरभोळेपणा. मागच्या सामन्यात साइडबोर्डमधली दोन पानं आत घेतली होती, ती बाहेर काढायची राहून गेली. डेक साठचाच, पण यादीतला नाही. एके काळी याची किंमत थेट एक डाव होती, म्हणजे गेम लॉस. आता बहुतेक वेळा वॉर्निंग देतात आणि डेक यादीप्रमाणे लावून देतात; विशिष्ट परिस्थितीतच शिक्षा वाढते. हा बदल मला मनापासून पटतो. सकाळपासून खेळून दमलेल्या पोराकडून दोन पानं राहिली, म्हणून त्याचा डाव काढून घेण्यात न्याय कमी आणि दरारा जास्त होता. दंडाच्या नियमावलीतही लिहिलंय की शिक्षेचा हेतू खेळाडूला शिकवणं हा आहे.

(दृश्य: जज एकेक पान तिरकं धरून उजेडात बघतोय.)

आता स्लीव्ह. प्लॅस्टिकच्या या आवरणांचे कोपरे खेळताना दुमडतात, पाठीवर चरे पडतात. मागून पान ओळखू येत असेल तर ते खुणेचं पान. जज आधी खुणा असलेली पानं वेगळी काढतो आणि मग ती उलटून बघतो. कोपरा दुमडलेलं एक पान लँड, एक प्राणी, एक मंत्र निघाला, तर ती झीज. वॉर्निंग, आणि नवे स्लीव्ह घाला. पण दुमडलेली सगळी पानं एकाच नावाची निघाली तर?

एप्रिल 2019, लंडन. मिथिक चॅम्पियनशिप, या खेळाची एक मोठी स्पर्धा. एक खेळाडू ‘ट्रॉन’ डेक खेळत होता. या डेकचा जीव तीन लँडमध्ये असतो: उर्झाज माइन, पॉवर प्लांट आणि टॉवर. साधी तीन लँड तीन ‘माना’ देतात; पानं खेळायला लागणारी ताकद या खेळात ‘माना’त मोजतात. ही तिन्ही एकत्र आली की दोन, दोन आणि तीन, म्हणजे सात. वरून पुढचं पान कोणतं येणार, हे अशा डेकमध्ये कळलं तर डावच हातात आला. तपासणीत या तिन्ही लँडच्या स्लीव्हवर प्रत्येकीची वेगळी अशी खूण आढळली. खेळाडू हॉल ऑफ फेममधला, म्हणजे या खेळातल्या नामवंतांच्या मानाच्या यादीतला होता. त्याला स्पर्धेतून बाद केलं गेलं. आपण खुणा केल्या नाहीत, असं त्यानं सांगितलं. पुढे त्याच्यावर तीस महिन्यांची बंदी आली आणि हॉल ऑफ फेममधून नावही गेलं.

मोजणी कुणालाही शिकवता येते. अवघड काम यानंतर सुरू होतं. फसवणूक ठरवायला दोन गोष्टी लागतात: आपण नियम मोडतोय हे खेळाडूला माहीत होतं आणि त्यातून त्याला फायदा उपटायचा होता. मन कसं वाचणार? जज खेळाडूला बाजूला घेतो. स्लीव्ह कधी बदलले? मागच्या सामन्यात कुठली पानं बाहेर काढली? हे पान हातात आलं तेव्हा तू काय केलंस? उत्तरं एकमेकांशी जुळतात का, हे बघतो. त्याला डोळ्यांनी पाहिलेला पुरावाच हवा असं नाही. स्पर्धेच्या सचोटीला धक्का लागला असं मानायला पुरेशी माहिती असली तरी हेड जज बाद करू शकतो. एवढा अधिकार हाती असलेल्या माणसानं प्रश्न शांतपणे विचारले पाहिजेत, समोरचा निर्दोष असू शकतो हे धरून विचारले पाहिजेत. चांगले जज तसंच करतात. फ्लोअरवरच्या जजचा निर्णय पटला नाही तर हेड जजकडे दाद मागता येते. त्याचा शब्द मात्र शेवटचा.

(दृश्य: पहिलं टेबल. जज डेक घेऊन परततो.)

आज काही निघालं नाही. तपासणीला सात मिनिटं लागली. नियमाप्रमाणे त्यात आणखी तीन. या टेबलाला दहा मिनिटं वाढवून मिळाली. दोघं पुन्हा पिसायला लागतात.