सूर्य पाठीशी ठेवून

अध्यक्षमहाराज, आणि मोटारसायकल कधीच विकली पण हेल्मेट अजून माळ्यावर जपून ठेवलं आहे अशा सर्व मित्रांनो,

पुण्याच्या माणसाला मोटारसायकलवर बसल्याबसल्या एक सवलत मिळते. ती त्याने स्वतः मिळवलेली नाही, म्हणून तो तिच्याबद्दल बोलत नाही. एरवी स्वतः न मिळवलेल्या गोष्टींबद्दल आपण गप्प बसतो असा काही आपला लौकिक नाही. (हशा) सवलत अशी, की दुचाकीवरून जाऊन बघावं असं आपल्याकडे जे आहे, ते बहुतेक पश्चिमेला आहे. मुळशी, ताम्हिणी, भोर, वरंधा, वेल्ह्याकडचा पाबे घाट. सकाळी तिकडे निघालं की सूर्य पाठीमागे. संध्याकाळी घरी परतताना आपण पूर्वेला तोंड करतो, तेव्हाही सूर्य पाठीमागेच. मुंबईकराचं नेमकं उलटं. तो सकाळी घाट चढतो तो डोळे किलकिले करून आणि संध्याकाळी उतरतो तोही डोळे किलकिले करून. द्रुतगती महामार्गावर दुचाकीला बंदी, त्यामुळे हे सगळं त्याला जुन्या रस्त्यावरच्या ट्रकच्या मागे राहून करावं लागतं. मुंबईकराच्या स्वभावाबद्दल आपण इथे जे बोलत असतो, त्यात हे कारण धरायला हवं.

मला आज एवढंच सांगायचं आहे की एका दिवसाची रमतगमत फेरी किलोमीटर मोजून आखू नये, ऊन बघून आखावी. पत्रिकेतही तेच छापलं आहे. त्याचा एक अख्खा आराखडा मी कागदावर काढून आणला आहे, तो शेवटी सांगतो. पण रमतगमत म्हणजे काय, ते आधी बोलायला हवं, कारण हल्ली त्याबद्दल घोळ आहे.

परवा एका मंडळींबरोबर गेलो होतो. नाव सांगत नाही, त्यातले दोघं इथे बसले आहेत. पहाटे पाचला पेट्रोल पंपावर जमायचं, सगळ्यांची एकसारखी जाकिटं, पुढे एक म्होरक्या, मागे एक शेपटाला. मधल्याने मध्येच थांबायचं नाही, कारण ओळ तुटते. नव्वद किलोमीटर गेलो, मिसळ खाल्ली, नव्वद किलोमीटर परत आलो. वाटेत काय दिसलं म्हणाल तर पुढच्याच्या गाडीचा नंबर. तो मला अजून पाठ आहे.

रमतगमत जायचं तर थांबता आलं पाहिजे आणि आपल्याकडे रस्त्यावर विनाकारण थांबायची सोय नाही. सोय म्हणजे जागा म्हणत नाही मी. समाजाची परवानगी नाही. गाडी रस्त्याच्या कडेला उभी दिसली की आपला माणूस गृहीत धरतो, हा संकटात आहे. आणि आपला माणूस स्वभावाने चांगला आहे, हीच खरी अडचण आहे.

भोरहून वरंध्याकडे जाताना नीरा देवघरचं पाणी बराच वेळ सोबतीला असतं. डिसेंबरातली दुपार कलत आलेली. मी गाडी कडेला लावली, हेल्मेट आरशाला अडकवलं आणि पाण्याकडे बघत उभा राहिलो. गाडी माझी येझदी. ज्यांनी चालवली आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही त्यांना सांगून कळणार नाही. तरी एक गोष्ट सांगतो, कारण पुढे ती लागणार आहे. या गाडीला किक आणि गिअर यांचा दांडा एकच. तो आत दाबून वर फिरवला की किक, मारून झाली की खाली आणायचा, पुन्हा गिअर.

दोन मिनिटांत एक स्प्लेंडर थांबली. वर पंचविशीतला मुलगा. "काय झालं काका?"

म्हटलं, "काही नाही."

"पेट्रोल?"

"आहे."

"मग?"

"बघतोय."

"काय बघताय?"

"पाणी."

त्याने पाण्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग स्प्लेंडर स्टँडला लावली. तेवढ्यात मागून ट्रॅक्टर आला. त्यावर दोघं, एक चालवणारा आणि मडगार्डवर बसलेले एक टोपीवाले बाबा. मुलाने त्यांना परस्पर सांगून टाकलं, "काकांची गाडी बंद पडलीय." मी म्हटलं, अहो नाही, बंद मीच केली आहे. बाबा मला धीर देत म्हणाले, "असूंद्या, असूंद्या. जुनी गाडी हाय, हुतंय."

मंडळी, बंद न पडलेली गाडी बंद पडलेली नाही हे सिद्ध करणं किती कठीण आहे याचा अनुभव घ्या एकदा. म्हटलं, थांबा, चालू करूनच दाखवतो. तेवढ्यात मुलाने प्लगपाना काढला होता. त्याचं म्हणणं, काका, आता गरम इंजिनवर किक मारू नका, आधी प्लग बघू. प्लग काढला. टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलमध्ये ऑइल घालून चालवायची, प्लग काळा असणारच. सगळ्यांनी तो बघितला आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. रोगाचं निदान झालं! बाबांनी सदऱ्याच्या टोकाने प्लग पुसला. मुलाने तो परत बसवला आणि किक शोधायला लागला. नाही सापडली. मी दाखवली. त्याला ती कल्पना इतकी आवडली की त्याने दांडा वर-खाली करून तीन-चारदा पाहिला, कार्बोरेटरचं बटण भरपूर दाबलं आणि मग किका मारायला सुरुवात केली.

आता गाडी खरोखरच चालू होईना. पेट्रोल इतकं आत गेलं होतं की प्लग ओलाचिंब. पुन्हा काढला, पुन्हा पुसला, या वेळी माझ्या रुमालाने. ट्रॅक्टरवाला म्हणाला, धक्का मारू. मी बसलो, दुसरा गिअर टाकला, तिघांनी धक्का मारला, टोपीवाले बाबा सगळ्यांत पुढे. चढ असल्यामुळे आधी गाडी उलट्या दिशेला वळवावी लागली, म्हणजे भोरच्या दिशेला. पन्नास-साठ पावलांवर ती फटफटली आणि मागे एवढा धूर सोडला की धक्का मारणारे दिसेनात. धुरातून बाबांचा आवाज आला, "मी म्हणलं नव्हतं, बंद पडलीय?"

(टाळ्या)

पाण्याकडे मी किती वेळ बघितलं? दोन मिनिटं. त्याबद्दल तिघांनी अर्धा तास घाम गाळला आणि चहाचे पैसेही घेतले नाहीत. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. तक्रार अशी की आपल्याकडे रस्त्यात थांबायला कारण लागतं. कारणं ठरलेली आहेत : पंक्चर, फोन, लघुशंका आणि देव. यातलं देव हे सगळ्यांत चांगलं, ते कुणी तपासत नाही. भाटघरच्या धरणात वेळवंडजवळ कांबरेश्वराचं देऊळ आहे, वर्षातला बराच काळ ते पाण्याखाली असतं आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघडं पडतं. त्या बाजूला कुणी विचारलं की मी सांगतो, कांबरेश्वर. ऐन पावसाळ्यातसुद्धा सांगितलं आहे. देव पाण्याखाली आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, पण तो हात जोडून पुढे जातो.

हेल्मेटचा विषय निघालाच आहे तर... नको. पुण्यात हेल्मेटवर बोलायला घेतलं की सभा दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. काच तेवढी बोलतो, कारण ती उन्हाशी जोडलेली आहे. जुन्या काचेवर बारीक ओरखडे असतात. सावलीत ते दिसत नाहीत. सूर्य समोर आणि खाली आला की प्रत्येक ओरखडा पेटतो आणि पुढचा रस्ता पांढरा होऊन जातो. लोक पाच-पाच वर्षं तीच काच वापरतात आणि संध्याकाळी हल्ली दिसत नाही म्हणून डोळ्याच्या डॉक्टरकडे जातात.

दुसरी अडचण मोबाइलमधल्या बाईची. तिला फक्त लवकर पोचायचं असतं. तुम्ही आडवाट धरली की ती दर फाट्याला तुम्हाला हायवेवर ओढते. तिला सूर्य माहीत नाही. पावणेसहाला, ऐन डिसेंबरात, ती तुम्हाला सरळ पश्चिमेला वळायला सांगते आणि वर 'जलद मार्ग' म्हणते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. लिहिलं आहे, "आठ मिनिटे. मूळ विषय." मूळ हा शब्द अधोरेखित आहे. ठीक आहे, भरभर सांगतो.

आराखडा असा. पुणे, पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, निजामपूर, माणगाव, महाड, वरंधा घाट, भोर, कापूरहोळ, पुणे. अडीचशे किलोमीटरच्या थोडं वर. नकाशावर बघा, हे कडं आहे. गेल्या वाटेने परत यायचं नाही. सकाळचा टप्पा पश्चिमेला, ऊन पाठीवर. दुपारचा टप्पा माणगाव ते महाड दक्षिणेला. तेव्हा सूर्य वर असतो. डिसेंबरात पुण्याच्या अक्षांशावर भर दुपारी तो क्षितिजापासून साधारण अठ्ठेचाळीस अंशांवर असतो, हेल्मेटच्या छज्जाने सहज अडतो. मेच्या मध्यावर तर डोक्यावरच, शून्य सावली, पण मेमध्ये दुपारी महाडला जाणाऱ्याला मी सल्ला देऊ शकत नाही. संध्याकाळचा टप्पा महाडहून भोर, जवळजवळ नीट पूर्वेला. ऊन पुन्हा पाठीवर.

कुणी म्हणेल, उलट फिरलं तर? सकाळी वरंधा उतरायचा, संध्याकाळी ताम्हिणी चढायचा. सूर्य तेव्हाही पाठीशीच. बरोबर. पण सह्याद्रीचे कडे कोकणाकडे तोंड करून आहेत. सकाळी ते स्वतःच्याच सावलीत असतात, काळे आणि सपाट. दुपार कलली की त्यांच्यावर ऊन येतं आणि एकेक घळ, एकेक धार वेगळी दिसायला लागते. वरंध्यात हे कडे अंगावर येतात, तर तो दुपारनंतर चढावा. ताम्हिणीत बराचसा रस्ता झाडीतून, तिथे सकाळची सावली चालते. म्हणून क्रम हाच.

वेळ : सहाला निघा, साडेदहापर्यंत माणगाव, बाराच्या आत महाड. माणगाव ते महाड हा गोवा महामार्गाचा तुकडा आहे, त्याबद्दल मी बोलणार नाही, आठ मिनिटांत बसत नाही. महाडला दोन-अडीच तास थांबा. ऊन डोक्यावर असताना घाटात काही दिसत नाही. जेवा. चवदार तळ्यावर जा. 1927 मध्ये 20 मार्चला डॉ. आंबेडकरांनी जिथलं पाणी ओंजळीत घेतलं, ते तळं गावातच आहे आणि घाईने जाणारे बाहेरच्या रस्त्याने परस्पर निघून जातात. अडीचला निघा. बिरवाडी, माझेरी, मग चढण. चारला वाघजाईच्या देवळापाशी भजी आणि चहा. माकडांपासून हातमोजे सांभाळा. पाचच्या सुमारास नीरा देवघरचं पाणी. तिथे थांबलात तर देवाचं नाव सांगा.

आता या माझ्या लाडक्या सिद्धांतातली भोकं, कारण प्रश्नोत्तरांत तुम्ही ती काढणारच. एक, सूर्य तुमच्या पाठीशी म्हणजे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. तुम्हाला सगळं छान दिसतंय आणि त्याला तुम्हीच दिसत नाही. एसटीचा चालक वळणावर तुम्हाला फार उशिरा बघतो. म्हणून दिवा चालू ठेवायचा. 2017 पासून नव्या दुचाकींचा दिवा आपोआप चालूच असतो, लोक त्यावर खूप चिडले होते. जुन्या गाडीवाल्यांनी हाताने लावा. दोन, मागून पडलेल्या उजेडात खड्ड्याची सावली पलीकडे पडते आणि खड्डा सपाट दिसतो. बाजूच्या उन्हात तो खोल दिसतो. म्हणजे सूर्य पाठीशी असताना देखावा सुंदर आणि रस्ता लबाड. यावर उपाय वेगाचा. चाळीसने चाललात तर सेकंदाला अकरा मीटर जाता. ब्रेक लावायचं सुचायला एक सेकंद धरा, कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी दहा मीटर. एकवीस मीटरमध्ये गाडी उभी. ऐंशीने चाललात तर सुचेपर्यंतच बावीस मीटर जातात आणि पुढे थांबायला चाळीस, कारण ते अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. वरंध्यात पुढचे साठ मीटर सलग दिसतील अशी जागा शोधून दाखवा.

हो, एकच प्रश्न घेतो. मागून... काय? पावसाळ्यात काय करायचं?

पावसाळ्यात हा आराखडा घडी घालून ठेवायचा. वरंधा बहुतेक वेळा बंदच असतो, दरडी येतात. ताम्हिणीत काही हजार मिलिमीटर पाऊस आणि शनिवार-रविवारी त्याहून जास्त माणसं. पण ढग आहेत, म्हणजे सूर्य कुठे आहे याने काहीच बिघडत नाही. मग सगळं उलट करायचं. सकाळी खुशाल पूर्वेला निघायचं, बोपदेव घाटाने सासवड, जेजुरी, मोरगाव. तिकडे पाऊस फार नाही, रस्ते बरे आहेत. परतताना तोंड पश्चिमेला असलं तरी डोळ्यांत काही येत नाही. फक्त दिवे घाटातून येऊ नका, संध्याकाळी तिथे सगळा हडपसर उभा असतो. आणि जेजुरीला कुणी विचारलं, का थांबलात, तर सांगायला देव तिथे आहेच.