मेहेरबाईंच्या नावाने

परळला उतरून, छातीशी रिपोर्टांची पिशवी धरून रुग्णालयाची वाट विचारणारी माणसे मुंबईला नवी नाहीत. गावाकडे ‘पेशंटला टाटाला न्यायला सांगितले आहे’ एवढे म्हटले, की आजाराचे नाव वेगळे सांगावे लागत नाही. टाटा घराण्याचा कर्करोगाशी आलेला संबंध मात्र या रुग्णालयाहून जुना आहे. त्याची सुरुवात घरातल्याच एका मृत्यूने झाली.

छायाचित्रात दिसतात त्या लेडी मेहेरबाई टाटा, जमशेटजींचे थोरले चिरंजीव सर दोराबजी यांच्या पत्नी. त्यांच्या गळ्यातला ज्युबिली हिरा २४५ कॅरेटचा, म्हणजे आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून मोठा; पण बाईंची खरी ओळख वेगळीच होती. साडी नेसून टेनिस खेळणाऱ्या मेहेरबाई १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या मिश्र दुहेरीत भारताच्या खेळाडू होत्या, आणि बालविवाहाला कायद्याने आळा घालावा यासाठीही त्या आग्रही होत्या.

१८ जून १९३१ रोजी, वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी, वेल्समध्ये ल्युकेमियाने त्यांचे निधन झाले.

ल्युकेमियात अस्थिमज्जेत सदोष पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि निरोगी रक्त तयार होण्यास जागाच उरत नाही. हा आजार १८४५ पासून वैद्यकाला माहीत होता, तरी क्ष-किरणांनी काही काळ उतार पाडण्यापलीकडे १९३१ मध्ये डॉक्टरांच्या हाती फारसे नव्हते. मुलांच्या ल्युकेमियाला औषधाने तात्पुरता का होईना, पण माघार घ्यायला लावता येते, हे कळायला १९४८ साल उजाडावे लागले. अशा वेळी पैसा उपचारांसाठी देऊन काय साधले असते? दोराबजींनी तो संशोधनाला दिला. १९३२ मध्ये त्यांनी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला आणि उत्पन्नाचा चार पंचमांश भाग आंतरराष्ट्रीय संशोधनासाठी राखून ठेवला. पत्नीच्या पहिल्या वर्षश्राद्धाला पंधरा दिवस उरले असताना तेही गेले. इंग्लंडमधील ब्रुकवुड दफनभूमीत दोघे शेजारी विसावले आहेत.

हिरा विकून रुग्णालय बांधले, असे सरसकट सांगितले जाते. नेमके सांगायचे, तर दोराबजींच्या पश्चात हिऱ्याची रक्कम त्यांच्या नावाच्या ट्रस्टकडे गेली, आणि त्याच ट्रस्टने उभारलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला सुरू झाले. पुढे १९६२ मध्ये ते अणुऊर्जा खात्याकडे आले, तेव्हा त्या खात्याची धुरा होमी भाभांकडे होती. मेहेरबाई त्यांच्या सख्ख्या आत्या.

याच संस्थेच्या डॉक्टरांनी आयआयटी मुंबईच्या संशोधकांसह विकसित केलेल्या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये देशात मान्यता मिळाली. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी वेगळ्या काढून, त्यांत जनुकीय बदल करून, कर्करोगाच्या पेशी ओळखण्याची क्षमता आणून त्या परत शरीरात सोडल्या जातात; इतर उपचारांना दाद न देणाऱ्या काही रक्ताच्या कर्करोगांत त्यांचा उपयोग होतो. याचे श्रेय थेट मेहेरबाईंच्या ट्रस्टला देणे योग्य होणार नाही. ट्रस्टचे काम वेगळे आहे आणि ते आजही चालू आहे: त्याच्या आंतरराष्ट्रीय पाठ्यवृत्तीसाठी कोणत्याही देशाचा संशोधक अर्ज करू शकतो, विषय मात्र ल्युकेमियाच असावा लागतो.