पत्र्याची पन्हळ आणि संदर्भांची मोजदाद

(जळगावात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

रावेर-यावलकडची मंडळी इथे बरीच दिसतात, म्हणून केळीपासूनच सुरुवात करतो. करपा रोगावर फवारणी करताना पंपात औषधाबरोबर स्टिकर नावाचा द्रव टाकतात. कशाला? केळीच्या पानावर मेणाचा पातळ थर असतो. नुसत्या पाण्याचा तिथे गोळा होतो, तो घरंगळतो आणि औषध मातीत जातं. स्टिकर पडलं की पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभाग आकसून धरणारी ओढ, उतरतो आणि थेंब पानावर पसरतो. पंपभर पाण्याला ते थोडंसं पुरतं, कारण त्याचं खरं काम पृष्ठभागावर असतं.

एवढ्याशा पदार्थाने पाण्याचा पृष्ठभाग किती बदलतो, हे एका बाईने स्वयंपाकघरात मोजून दाखवलं. आग्नेस पॉकेल्स, जन्म १८६२. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये ती घर सांभाळायची, आजारी आईवडिलांचं करायची. विद्यापीठाची दारं तेव्हा तिथल्या मुलींना बंद होती. धाकटा भाऊ फ्रिडरिश भौतिकशास्त्र शिकत होता. त्याची पुस्तकं ती वाचायची.

तिचं उपकरण नीट ऐका, कारण मला त्याचं फार अप्रूप आहे. ७० सेंटीमीटर लांब, ५ रुंद आणि २ उंच अशी पत्र्याची पन्हळ. तिच्यात काठोकाठ पाणी. वर आडवी ठेवलेली, पाण्याला टेकणारी दीड सेंटीमीटर रुंदीची पट्टी. पट्टी सरकवली की एका बाजूचा पृष्ठभाग आकसतो, दुसऱ्या बाजूचा वाढतो. मग ६ मिलिमीटरची चकती पाण्याला टेकवायची आणि ती सुटायला किती जोर लागतो ते तराजूवर बघायचं. तिला दिसलं, की पाण्यावर तेलकटपणाचा अंश असला तर पृष्ठभाग एका मर्यादेपर्यंत आकसला तरी ताण जवळपास तसाच राहतो. मर्यादा ओलांडली की झपाट्याने घसरतो.

जानेवारी १८९१ मध्ये तिने हे सगळं जर्मनमध्ये इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेंना पत्राने कळवलं. ते स्वतः याच विषयावर काम करत होते. एखाद्याने पत्र फडताळात ठेवून दिलं असतं. रॅलेंच्या पत्नीने त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, रॅलेंनी ते शिफारशीसह ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेकडे पाठवलं आणि १२ मार्चला ते पॉकेल्सच्या नावाने छापून आलं. पुढे १८९९ मध्ये रॅलेंनी मांडलं, की त्या मर्यादेवर तेलाचा थर फक्त एका रेणूच्या जाडीचा असतो. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लँगम्यूरने १९१७ मध्ये या पन्हळीची सुधारलेली आवृत्ती वापरली. पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रासाठी त्याला १९३२ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी सत्तर वर्षांच्या पॉकेल्सला ब्राउनश्वाइगने मानद डॉक्टरेट दिली. पन्हळ मात्र प्रयोगशाळांमध्ये लँगम्यूरच्या नावाने रुळली.

आता आकड्यांचं बोलू. २००५ मध्ये हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने संशोधकाचं काम संदर्भांवरून मोजणारा एच-इंडेक्स सुचवला. तुमच्या पाच शोधनिबंधांचे इतर निबंधांत प्रत्येकी किमान पाच संदर्भ आले असतील आणि सहावा तिथवर पोचत नसेल, तर तुमचा एच पाच. हिशेब सोपा आहे. पण ज्याने दहाच निबंध लिहिले त्याचा एच दहापुढे जाऊच शकत नाही, मग त्यातल्या एकावर विज्ञानाची अख्खी शाखा उभी राहिलेली असो. शिवाय काम पाठ्यपुस्तकात मुरलं की त्याचा संदर्भ कुणी देत नाही. पृष्ठताणाचा धडा शिकवताना आपण तरी पॉकेल्सचं नाव कधी घेतो?

पदोन्नतीच्या समितीवर बसून मी निबंध न उघडता आकडे वाचले आहेत. वेळ नव्हता हे खरं, पण त्याची खंत मला आजही आहे. संदर्भ म्हणजे उसनं घेतल्याची कबुली. कुणी काय उसनं घेतलं आणि त्याचं पुढे काय केलं, हे निबंध उघडल्याशिवाय कळत नाही. एक चांगला निबंध वाचायला दुपार लागते. ती दुपार उमेदवाराला द्यायला हवी होती.

या टेबलावर परात आहे, पाणी आहे, वर थोडी मिरपूड भुरभुरवली आहे. मागच्या बाकावरच्या दोघीजणी पुढे या. परातीला साबणाचा हात लागू देऊ नका, बोटंही बुडवू नका. कातडीवरचं तेलसुद्धा पाण्याला पुरतं. ही काडी तेलात नुसती टेकवा आणि परातीच्या मधोमध पाण्याला लावा. मिरपूड कुठे जाते बघा, आणि किती वेगाने.