एक तारखेचं भाडं

[दृश्य: कॅलिफोर्नियातलं सनीव्हेल. सकाळ. तीन मजली अपार्टमेंट, जिन्याखाली पत्रपेट्यांची रांग.]

महिन्याची एक तारीख. या इमारतीतल्या घराघरातून आज भाडं जातंय.

इथे घरकर्जाचा हप्ता भरणाऱ्याचा महिना न् महिना क्रेडिट ब्युरोच्या, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या दफ्तरी जातो. भाडेकरूनं मात्र दहा वर्षं एक तारीख चुकवली नाही, तरी बहुधा त्याची पाटी कोरीच. त्याचं नाव तिथे पोचायचं ते भाडं थकून प्रकरण वसुली कंपनीकडे गेलं की. म्हणजे शाळेनं फळ्यावर फक्त नापासांची यादी लावावी, तसं.

पुण्या-नाशिकहून आलेल्याला हे पहिल्याच महिन्यात कळतं. सिबिलचा साडेसातशे-आठशेचा स्कोअर इथली बँक सहसा बघत नाही. इथला स्कोअर म्हणजे फायको, तो 300 ते 850 मध्ये मोजतात, आणि नव्या माणसाला तर आकडाच नसतो. असतं ते फक्त भाडं.

[दृश्य: भाड्याच्या कार्यालयाची काच, आत हिशेबाची स्क्रीन.]

मालकाचं गणित निराळं. भाडं थकलं, की नोटीस, कोर्ट, जागा खाली करून घेणं, सगळा वेळखाऊ मामला. फायकोत 35 टक्के वजन असतं ते देणी वेळेवर फेडली का, याला. भाडं त्या तराजूत घातलं, की तगाद्याचं काम स्कोअरच करतो. एक्सपीरियन या क्रेडिट ब्युरोनं 2010 मध्ये भाड्याच्या नोंदी ठेवणारी रेंटब्युरो ही कंपनी घेतली.

पण समजा, थंडीत हीटर बंद पडला. मालक फोन उचलत नाही. भाडेकरूनं दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता केला. कॅलिफोर्नियाचा कायदा, काही अटींवर, तो हक्क देतो. मालकानं तेच 'थकबाकी' म्हणून कळवलं तर? असा डाग अहवालात सात वर्षं राहू शकतो. बंद हीटर गप्प सहन करायला लावण्याचीच ही सोय.

[दृश्य: कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो, विधिमंडळाची इमारत.]

म्हणून इथल्या कायद्यानं दार अर्धंच उघडलं. एबी 2747 या कायद्यानुसार, 1 एप्रिल 2025 पासून 15 पेक्षा जास्त घरांच्या इमारतीच्या मालकानं भाडेकरूला भाड्याची नोंद क्रेडिट ब्युरोकडे पाठवण्याचा पर्याय द्यायचा. नोंद जाणार ती फक्त पूर्ण आणि वेळेवर भरलेल्या भाड्याची. शुल्क प्रत्यक्ष खर्चाएवढं किंवा महिना 10 डॉलर, यातलं कमी असेल ते. हे शुल्क थकलं म्हणून घर सोडायला लावता येत नाही. दुरुस्तीपोटी वळती केलेली रक्कम म्हणजे उशीर नव्हे, हेही लिहून ठेवलंय.

एवढं करूनही गंमत अशी, की फायकोच्या जुन्या आवृत्त्या भाडं मोजतच नाहीत. बँक कोणती आवृत्ती वापरते, हे भाडेकरूला कुठे ठाऊक?

[दृश्य: मोबाईलवर बँकेचं खातं, दर एक तारखेला गेलेली तीच रक्कम.]

भाडं मोजलं जाण्याची दुसरी वाट 2021 मध्येच निघाली. घरकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेची यंत्रणा अर्जदाराच्या संमतीनं त्याच्या बँक खात्यातले बारा महिन्यांचे भाड्याचे व्यवहार वाचते. एखाद्या महिन्याचं भाडं चुकलेलं दिसलं, तरी ते त्याच्या विरुद्ध धरत नाहीत. आणि यात घरमालकाला विचारावंच लागत नाही.