प्रमाणपत्र कोणी द्यावे?

(दादर येथे फिजिशियन असिस्टंटांच्या, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली वैद्यकीय काम करणाऱ्या सहायकांच्या, मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

संयोजकांनी मला आपल्या व्यवसायाचे प्रमाणन आणि त्यामागील संस्था असा भारदस्त विषय दिला आहे. पण सुरुवात नावापासूनच करावी लागते, कारण फिजिशियन असिस्टंटचे लघुरूप पी.ए., आणि मुंबईत पी.ए. म्हटले की लोकांना रुग्णालय नव्हे, मंत्रालय आठवते. मी बोरिवलीला नव्या सोसायटीत राहायला गेलो तेव्हा फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात ‘पी.ए.’ असे लिहिले. दुसऱ्याच संध्याकाळी सेक्रेटरी काका पेढे घेऊन हजर झाले आणि ‘कोणत्या साहेबांचे?’ असे त्यांनी दबक्या आवाजात विचारले. सोसायटीच्या डीम्ड कन्व्हेयन्सची, म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे करण्याची, फाइल कुठेतरी अडकली होती. मी बायपाससाठी रुग्णाच्या पायातील शीर काढतो, असे सांगितल्यावर काका क्षणभर गप्प राहिले आणि ‘म्हणजे कंपाउंडर’ असे म्हणून उठले. पेढे मात्र त्यांनी परत नेले नाहीत.

ती शीर काढताना तिची एकेक फांदी बांधावी लागते, मग हलक्या हाताने सलाइन भरून ती कुठे गळते का ते पाहावे लागते, आणि हाताचा दाब थोडा जास्त झाला तरी तिचे आतले अस्तर दुखावते. हे काम मला येते, हे माझ्या सर्जनना ठाऊक आहे. मी उद्या दुसऱ्या रुग्णालयात गेलो, तर तेथील सर्जननी ते कशावरून मानावे?

माझ्या कपाटात प्रमाणपत्रांची जाडजूड फाइल आहे, हे खरे. पण त्यातले एक मला कसे मिळाले ते सांगतो. एका परिषदेत मी सकाळी साडेआठला नोंदणीच्या टेबलापाशी गेलो, तेव्हा हातात एक पिशवी देण्यात आली. तिच्यात वही होती, पेन होते, जेवणाचे कुपन होते आणि ‘यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल’ असे लिहिलेले, सही-शिक्क्याचे प्रमाणपत्रही होते. पहिले सत्र दहाला सुरू व्हायचे होते. कुपन दाखवल्याशिवाय जेवण मिळत नव्हते, एवढीच काय ती त्या दिवसाची कसोटी. आणि गंमत अशी की पुढे वार्षिक मूल्यमापनात तोच कागद माझ्या बाजूने मोजला गेला.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटे उरली आहेत; तेव्हा मूळ मुद्दा थोडक्यात मांडतो.

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी 1965 मध्ये नौदलात वैद्यकीय काम केलेल्या चार जणांना घेऊन हा अभ्यासक्रम सुरू केला. त्यातले तिघे 1967 मध्ये पदवीधर झाले, लगेच 1968 मध्ये व्यवसायाची संघटना उभी राहिली, पण 1973 मध्ये पहिली राष्ट्रीय परीक्षा झाली ती त्या संघटनेने नव्हे, तर डॉक्टरांच्या परीक्षा घेणाऱ्या मंडळाने घेतली. आजही तेथे अभ्यासक्रम तपासणारी संस्था वेगळी, परीक्षा घेणारा आयोग वेगळा, परवाना देणारे राज्य वेगळे आणि सभासदांच्या हक्कांसाठी भांडणारी संघटना वेगळी. तीनशे प्रश्नांची ती परीक्षा एकदा उत्तीर्ण झाले की सुटका होत नाही. दर दोन वर्षांनी शंभर क्रेडिटचे शिक्षण दाखवावे लागते आणि दहा वर्षांच्या चक्रात पुन्हा मूल्यमापनाला बसावे लागते.

आपल्याकडे चेन्नईत डॉ. के. एम. चेरियन यांनी 1992 मध्ये पहिला अभ्यासक्रम सुरू केला, पण संलग्न आरोग्य व्यवसायांचा केंद्रीय कायदा येण्यासाठी 2021 उजाडले. त्या कायद्याच्या दहा वर्गांत फिजिशियन असोसिएट या नावाने आपला व्यवसाय आहे आणि राज्य परिषदांची व नोंदवह्यांचीही तरतूद आहे. राज्य परिषदेने नोंदणीचे आपले काम करावे. आपल्या संघटनेने शिकवावे, पगारासाठी भांडावे, अडचणीत सापडलेल्या सभासदामागे उभे राहावे, परंतु प्रमाणपत्र देण्याचा मोह टाळावा, कारण वर्गणी भरणाऱ्यालाच नापास करणे कोणत्याही संघटनेला जमणारे नाही.

दुसरी चिठ्ठी आली. उरलेले प्रश्न चहाच्या वेळी विचारा. मला आज सकाळी इथल्या नोंदणीच्या टेबलावर मिळालेली पिशवी मी अजून उघडलेली नाही.