खोल्या मोजू नका, खुर्च्या मोजा: फोंतेन्हासच्या गल्लीत हॉटेल येतंय

[गल्लीच्या तोंडाशी, सकाळी सात]

नमस्कार मंडळी. मी आत्ता पणजीत, फोंतेन्हासमध्ये उभा आहे. माझं घर इथून पाच मिनिटांवर, मळा नावाच्या शेजारच्या वस्तीत. मागे दिसते ती गल्ली मी काल पावलांनी मोजली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सहा पावलं. एका कडेला गाडी लागली की दुसरी गाडी आरसे मिटूनच पुढे सरकते. या गल्लीच्या टोकाला एक जुनं घर आहे, कितीतरी वर्षं बंद. तिथे बुटीक हॉटेल होणार अशी बातमी आली आणि गेला महिनाभर आमच्याकडे दुसरा विषय नाही.

थोडं मागे जाऊ, म्हणजे गल्ली इतकी अरुंद का ते कळेल. एका बाजूला आल्तिनोची टेकडी, दुसऱ्या बाजूला ओरेमची खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत हा वाडा, म्हणजे आमची वस्ती. आधी इथे माडांचं भाट, म्हणजे बाग होती. मोझांबिकहून पैसा मिळवून परतलेल्या आंतोनियो जुआंव द सिक्वेराचं. लोक त्याला ‘मोस्मीकर’ म्हणायचे. 1818 साली सेंट सेबॅस्टियनचं कपेल, म्हणजे छोटं चर्च उभं राहिलं, 1843 साली पणजी राजधानी झाली, आणि सरकारी नोकरीतली माणसं इथे घरं बांधून राहू लागली. तेव्हा रस्त्यावरून जायची ती माणसं, फार तर माचिला, म्हणजे पालख्या. मोटार कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. त्यामुळे यात गल्लीची काही चूक नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. मी या हॉटेलाच्या विरोधात नाही. बंद घर म्हणजे काय ते मी जवळून पाहिलंय. वारसदार एक लिस्बनला, एक कॅनडात, एक मुंबईत. छपराचं एक कौल सरकतं. ते बसवायला वर चढणारं कुणी नसतं. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. त्या एका फटीतून पाणी वाशावर येतं, वासा कुजतो, मग त्याच्या शेजारची दहा कौलं खाली येतात. चिऱ्याच्या भिंतीचा गिलावा एकदा सुटला की चिरा पाणी पितो. चार-पाच पावसाळ्यांत घर गेलं म्हणून समजा. कुणी पैसा घालून ते घर उभं ठेवणार असेल, बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत पुन्हा दिवा लागणार असेल, तर मला आनंदच आहे.

मग भांडण कशाचं? गाड्यांचं.

[कॅमेरा खाली, दाराच्या पायरीवर]

ही पायरी बघा. घराचं दार उघडलं की पहिलं पाऊल थेट रस्त्यावर पडतं. इथे राहणाऱ्या आजींचं वय अठ्ठ्याहत्तर. गेल्या डिसेंबरमध्ये रात्री साडेअकराला त्यांच्या छातीत कळ आली. अँब्युलन्स कोपऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली, कारण बरोबर या पायरीला चिकटून एक गाडी उभी होती. जवळच्याच एका गेस्टहाऊसमधल्या पाहुण्याची. पाहुणा जेवायला बाहेर गेलेला, फोन लागेना. स्ट्रेचर आडवं होईना, म्हणून आम्ही चौघांनी आजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून कोपऱ्यापर्यंत उचलून नेलं. आज त्या बऱ्या आहेत. पण त्या रात्रीपासून त्यांच्या दारासमोर दोन मोठ्या कुंड्या आहेत.

आता त्या कुंड्यांबद्दलही खरं बोलायला हवं. घरासमोरचा रस्ता आपल्या मालकीचा नसतो. कुंडी ठेवून जागा अडवणं हेही नियमात बसत नाही. मात्र दुसऱ्याच्या दाराची वाट अडेल अशी गाडी लावायला वाहतुकीच्या नियमांतच मनाई आहे. दाराची वाट मोकळी मिळणं हा आजींचा हक्क आहे. त्या जागी स्वतःची गाडी लावायला मिळणं, हा मात्र हक्क नाही. आमच्यातल्याही काहींना हे पचत नाही.

परवा आम्ही वीस-पंचवीस जण जमलो. पहिली मागणी काय आली? “हॉटेलवाल्याला सांगा, तुझं पार्किंग तुझ्या आवारात कर.” ऐकायला रास्त वाटतं. मलाही वाटलं होतं. मग घरी येऊन वहीत हिशेब मांडला.

एका गाडीची चौकट साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर. पण गाडी आत घ्यायची, वळवायची, बाहेर काढायची तर मोकळ्या जागेतसुद्धा गाडीमागे 23 चौरस मीटर धरतात. तळघरात 32. म्हणजे दहा गाड्यांना 230 चौरस मीटर. त्या घरात एवढी जागा कुठून येणार? मागच्या अंगणातून. तिथे विहीर आहे, आंब्याचं झाड आहे. गाड्या आत न्यायला दर्शनी भिंत फोडून फाटक करावं लागेल. ज्या घरासाठी आपण वारसा वारसा म्हणतो, त्याचीच भिंत पाडा असं आपणच लेखी मागतोय. आणि आवारात पार्किंग झालं तरी प्रत्येक गाडी याच सहा पावलांच्या गल्लीतून आत जाणार, याच गल्लीतून बाहेर येणार.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. सगळे विचारत होते, खोल्या किती? कुणीतरी म्हणालं दहा. मग सगळे दहा गाड्यांवरून भांडत बसले. मी म्हणतो, खोल्या मोजू नका, खुर्च्या मोजा.

समजा दहा खोल्या भरल्या. काही पाहुणे पुण्या-कोल्हापूर-बेळगावहून स्वतःची गाडी घेऊन येतील, काही विमानतळावरून टॅक्सीने, काही काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली भाड्याची गाडी घेऊन. सात गाड्या धरा. पण त्याच हॉटेलात बाहेरच्यांसाठी साठ खुर्च्यांचं रेस्टॉरंट असेल, तर रात्रीच्या दोन पंगतींत एकशे वीस माणसं येतील. चार माणसांमागे एक गाडी धरली तरी तीस गाड्या, आणि त्याही साडेसात ते अकरा या साडेतीन तासांत. शिवाय वाढप्यांच्या आणि स्वयंपाक्यांच्या स्कूटर, धुलाईचा टेंपो, मासळीची रिक्षा, पाण्याच्या बाटल्यांची गाडी. खोल्यांचा भार सात गाड्यांचा आणि खुर्च्यांचा तीसच्या वर. नकाशावर मात्र ठळक दिसतात त्या खोल्याच.

म्हणून कागद कुठले मागायचे ते नीट ऐका. राहत्या घराचं हॉटेल करायचं तर वापर बदलण्याची परवानगी लागते, ती नियोजन आणि विकास प्राधिकरणाकडून, म्हणजे आपण ज्याला पीडीए म्हणतो तिथून. हा भाग संरक्षित वारसा क्षेत्रात येतो, त्यामुळे प्रकरण गोवा संवर्धन समितीपुढे जातं. मग पालिकेचा बांधकाम परवाना आणि ट्रेड लायसन्स, 1982 च्या कायद्याखाली पर्यटन खात्याची नोंदणी, अग्निशमन दलाचा दाखला, प्रदूषण मंडळाची संमती, आणि दारू द्यायची तर अबकारी खात्याचा परवाना. लोक जागे होतात ते बहुधा शेवटच्या टप्प्यावर, पाटी लागल्यावर. तोवर पैसा भिंतीत गेलेला असतो आणि मालकालाही मागे फिरणं जड जातं. हरकत पहिल्याच कागदावर घ्यायची. कागद दाखवत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

मग मागायचं काय? इथे मला माथेरान आठवतं. तिथे दस्तुरी नाक्यापुढे मोटार जात नाही. पाहुणे गाडी नाक्यावर ठेवतात आणि पुढचे अडीच-तीन किलोमीटर चालत, घोड्यावर किंवा आता ई-रिक्षाने जातात. सुट्टीत तिथली हॉटेलं तरीही भरलेली असतात. आमच्याकडे तर तेवढं अंतरही नाही. खाडीपलीकडे पाटो आहे, मध्ये पायपूल आहे. गाडी पाटोला ठेवली तर रमतगमत आलात तरी दहा मिनिटांच्या आत तुम्ही या गल्लीत पोचता. सामान हॉटेलच्या हातगाडीवर येईल, नाहीतर बॅटरीच्या छोट्या गाडीवर.

तेव्हा आमचं म्हणणं मी असं लिहितोय: पाहुण्यांच्या गाड्यांची सोय पाटोच्या बाजूला, लेखी कराराने. करार सादर झाल्याशिवाय परवाना नाही. रेस्टॉरंट फक्त राहणाऱ्या पाहुण्यांसाठी. मालाच्या गाड्या सकाळी नऊच्या आत. गच्चीवर ध्वनिक्षेपक नाही. (रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकरला 2000 सालच्या नियमांनुसार बंदीच आहे, आणि राहत्या भागात रात्रीची आवाजाची मर्यादा 45 डेसिबल. पण गच्चीवरचं गाणं नऊ वाजताही आजींच्या उशाशीच वाजतं.) या अटी परवान्यातच छापून याव्यात. बैठकीत मालक हसून “हो हो, बघू” म्हणाला, त्यावर मी विसंबणार नाही, मग तो कितीही भला माणूस असो. उद्या तो हॉटेल विकेल. नव्या मालकाने आम्हाला कुठलाच शब्द दिलेला नसेल.

आमच्यातल्या काहींना हे पुरेसं वाटत नाही. त्यांना हॉटेलच नको. त्यांचा राग मला समजतो. ज्यांच्या खिडकीखाली रोज अनोळखी माणसं फोटोसाठी उभी राहतात, ज्यांनी भिंतीवर ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या लावल्यात, त्यांना आणखी एक पाहुणासुद्धा जड होणारच. पण मग त्या घराच्या कौलांवर कोण चढणार, हा माझा प्रश्न त्यांच्यापुढे आहे. आणि आमच्यातल्याच तीन-चार घरांत वरची खोली भाड्याने जाते. तिथल्या पाहुण्यांच्या गाड्यांनाही हाच पाटोचा नियम लावायचा, असं मी बैठकीत म्हणालो तेव्हा थोडी शांतता पसरली. तरीही तो मुद्दा मी अर्जातून काढलेला नाही.

[सायकलचा भोंगा ऐकू येतो]

हा पोदेर, म्हणजे पाववाला आला. बघा, सकाळच्या या वेळी एक सायकल, पावाची टोपली, आणि गल्ली भरून जाते.

अर्ज सोमवारी पालिकेत आणि पीडीएत देतोय. नमुना खाली वर्णनात ठेवलाय. तुमच्या वाड्यात असंच काही येत असेल तर गल्लीची रुंदी बदला, घराचा क्रमांक बदला आणि वापरा. तिसऱ्या परिच्छेदात खुर्च्यांची संख्या विचारलीय, तो परिच्छेद मात्र तसाच राहू द्या.